घर बांधताना पाणी नेमके कुठे मुरते?

स्वतःचे घर बांधायला काढले की पहिल्या दोन महिन्यांत पाण्याविषयी इतके उलटसुलट सल्ले मिळतात की कोणीतरी नक्की चुकत असावे असे वाटू लागते. पायाच्या खड्ड्यात पाणी साचू देऊ नका, असे अभियंता सांगतो. जोत्याचा भराव मात्र पाणी मारल्याशिवाय ठोकू नका, असेही तोच सांगतो. स्लॅबच्या दिवशी मिक्सरमध्ये एखादी बादली जास्त पडली तर त्याच्या कपाळाला आठी पडते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच स्लॅबवर पाणी दिसले नाही तर तो त्याहून जास्त चिडतो. घरमालक या काळात बहुधा फरशीचा रंग आणि खिडक्यांची मापे यांत गुंतलेला असतो, त्यामुळे हे सल्ले त्याच्या कानावरून जातात आणि मिस्त्रीला जे सोपे वाटते ते होऊन जाते.

हे सगळे सल्ले बरोबर आहेत. एखाद्या व्यवहारात संशय आला की आपण ‘इथे पाणी मुरते आहे’ असे म्हणतो. बांधकामात तो वाक्प्रचार शब्दशः खरा असतो. जमिनीत किती पाणी आहे, काँक्रीटमध्ये किती घातले, ओतल्यानंतर किती दिले आणि पुढे भिंतीत किती चढले, एवढ्या चार प्रश्नांमागे गेले तरी पायापासून गिलाव्यापर्यंतच्या बहुतेक अडचणींचा उलगडा होतो.

पाया वजन वाटून देतो

पाया भक्कम असला की घर भक्कम, अशी समजूत असते. पण पाया कितीही जाड केला तरी शेवटी सगळे वजन पेलायचे असते ते त्याखालच्या जमिनीला. ते वजन जमिनीला झेपेल एवढ्या जागेत पसरून देणे, हे पायाचे काम. चिखलातून जायचे असले की आपण फळी टाकतो. फळीमुळे आपले वजन कमी होत नाही, ते फक्त जास्त चिखलावर विभागले जाते. कॉलमच्या, म्हणजे घराचे वजन खाली आणणाऱ्या उभ्या खांबाच्या, तळाशी काँक्रीटचा जो रुंद चौथरा असतो, ज्याला साइटवर सगळे फुटिंग म्हणतात, तो म्हणजे ही फळी.

एक चौरस मीटर जमीन बिनधोक किती टन पेलेल, त्या आकड्याला धारणक्षमता म्हणतात. मऊ चिकणमातीत हा आकडा साधारण ५ ते १० टन असतो, घट्ट जमिनीत त्याच्या दुप्पट-चौपट, आणि अखंड कठीण खडकात तो शेकड्यांत जातो. आता समजा, दुमजली घराच्या मधल्या एका कॉलमवर ३० टन भार येतो. हा आकडा फुगवलेला नाही, कारण घराचे स्वतःचे वजनच मोठे असते: एक घनमीटर काँक्रीट सुमारे अडीच टन भरते, त्यामुळे पाच इंची स्लॅबचा प्रत्येक चौरस मीटर, भिंती, फरशी, कपाटे आणि माणसे सोडून, तीनशे किलोंच्या वर जातो. जमिनीची धारणक्षमता १० टन असेल तर या कॉलमखाली ३ चौरस मीटरचे, म्हणजे बाजूला सुमारे पावणेदोन मीटर मापाचे फुटिंग लागेल. तीच २० टन असेल तर सव्वा मीटर बाजूचे फुटिंग पुरेल. घर तेच आणि कॉलमही तोच. खालची जमीन बदलली म्हणून खोदाई, सळई आणि काँक्रीट यांचा सगळा हिशेब बदलला.

या हिशेबात पाणी लगेचच शिरते. वाळूच्या जमिनीत भूजलाची पातळी पायापर्यंत वर आली, तर तिची धारणक्षमता जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, कारण पाण्यात बुडलेल्या कणांचे परिणामकारक वजन घटते आणि त्यांच्यातले घर्षणही त्याबरोबर कमी होते. कोरड्या दिवसांत कुदळ उसळवणारी चिकणमाती ओली झाल्यावर बोटाने दाबता येते, हे तर कोणीही करून पाहू शकतो. म्हणून ‘जमीन कडक आहे’ हे वाक्य वर्षातल्या कोणत्या महिन्यात उच्चारले गेले, हे विचारायला हवे.

सारखे खचले तर बिघडत नाही

प्रत्येक घर थोडेफार खचतेच. सगळे घर एकसारखे दोन सेंटिमीटर खाली गेले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. दुखणे सुरू होते ते एक कोपरा जास्त आणि दुसरा कमी खचला तर. भिंतींना भेगा पडू नयेत म्हणून अभियंते एक ढोबळ मर्यादा मानतात: दोन कॉलमांमधील अंतराच्या तीनशेव्या भागापेक्षा जास्त फरक नको. कॉलम तीन मीटरवर असतील तर हा फरक होतो एक सेंटिमीटर, म्हणजे साधारण करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढा. एवढ्याशा फरकाने भिंत तडकते, दाराची चौकट तिरकी होते आणि कडी बसेनाशी होते.

पिसाचा कलता मनोरा हे याचे जगाला ठाऊक असलेले उदाहरण. त्याचे काम ११७३ साली सुरू झाले आणि तिसरा मजला होईपर्यंत खालची मऊ माती एका बाजूने जास्त दबू लागली. नंतर युद्धांमुळे काम सुमारे शंभर वर्षे थांबले, आणि या खंडामुळेच मनोरा वाचला असे अभ्यासक मानतात. चिकणमाती म्हणजे अत्यंत बारीक छिद्रांचा ओला स्पंज असतो. तो दाबला तर पाणी निघते खरे, पण थेंबाथेंबाने, आणि जसजसे ते निघते तसतशी माती घट्ट होत जाते. मनोऱ्याखालच्या मातीला त्या शतकात पाणी सोडायला सवड मिळाली. ही प्रक्रिया अभियंते कार्ल तर्झागी यांनी १९२५ मध्ये गणितात बसवली आणि आधुनिक मृदा-यांत्रिकीची, म्हणजे भाराखाली माती कशी वागते याच्या शास्त्राची, सुरुवात तिथून मानली जाते. मनोरा १९९० मध्ये पर्यटकांसाठी बंद करावा लागला. पुढे त्याच्या वर राहिलेल्या, म्हणजे उत्तरेकडच्या बाजूखालून थोडी थोडी माती काढून त्याचा कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी केला गेला आणि २००१ च्या अखेरीस तो पुन्हा उघडला. आपल्या घरासाठी यातून एवढेच घ्यायचे की चिकणमातीवरचे घर पहिल्या वर्षी ठणठणीत दिसले म्हणून तिथे काही घडत नाही असे मानू नये. वाळू बांधकाम चालू असतानाच काय ते दबून घेते, चिकणमाती वर्षानुवर्षे दबत राहते.

मातीची चाचणी खरोखरच लागते का?

लहान घरासाठी ही चाचणी म्हणजे फार मोठे प्रकरण नसते. घराच्या दोन-तीन कोपऱ्यांशी पायाच्या अपेक्षित खोलीच्याही खाली जाणारे खड्डे घेतात, थर पाहतात आणि नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. जमीन संशयास्पद असेल तर बोअर घेऊन एक ठरलेली कसोटी करतात: ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा पाडायचा आणि नळी जमिनीत पहिले १५ सेंटिमीटर गेल्यावर पुढचे ३० सेंटिमीटर जायला किती ठोके लागले ते मोजायचे. चार ठोक्यांत नळी गेली तर जमीन मऊ. तीस-चाळीस लागले तर घट्ट. अहवालात धारणक्षमता, पायाची खोली, भूजलाची पातळी आणि माती फुगणारी आहे का, या चार गोष्टी आल्या आहेत ना, हे पाहावे. फुटिंगचा नकाशा त्यानंतर काढायचा असतो. अनेक ठिकाणी नकाशा आधी तयार होतो आणि अहवाल फाइलला जोडण्यापुरता मागवला जातो, त्याला काही अर्थ नाही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, मिस्त्रीने तीस वर्षे हेच काम केले आहे आणि तो माती चिमटीत घेऊन सांगतो. त्याचा अनुभव मी अजिबात कमी लेखत नाही. वरचा थर कसा आहे हे तो पुष्कळदा अचूक सांगतो. पण कडक थराखाली दोन मीटरवर मऊ थर असेल, किंवा प्लॉटच्या एका कोपऱ्यात जुनी विहीर बुजवलेली असेल, तर ती चिमटीत येत नाही. दुसरा आक्षेप शेजारच्या घराचा: ते तर चाचणीशिवाय उभे आहे. त्या घराचे वजन किती, मजले किती, पाया किती खोल आणि ते तुमच्या प्लॉटमधून जाणाऱ्या बुजलेल्या ओढ्यावर आहे की नाही, हे ठाऊक नसताना ही तुलना निरर्थक आहे. त्यापेक्षा आसपासच्या वयस्कर माणसांना या जागेत पूर्वी काय होते, पावसाचे पाणी कुठून वाहत असे, हे विचारावे. या चौकशीला पैसे पडत नाहीत आणि बोअर नेमके कुठे घ्यावे हे तिच्यातून कळते.

फुगणाऱ्या मातीचा स्वभाव

काळ्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते, जे स्वतःच्या थरांमध्ये पाणी ओढून घेऊन फुगते आणि ते गेले की आकसते. उन्हाळ्यात अशा जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इथे गंमत अशी की जड घरापेक्षा हलक्या बांधकामाला जास्त त्रास होतो, कारण फुगणारी माती त्याला उचलू शकते. कुंपणाची भिंत आणि व्हरांडा आधी तडकतात, घर नंतर, यामागचे कारण हेच. पाया ऋतूंप्रमाणे ओल कमी-जास्त होते त्या थराच्या खाली नेणे, तळाशी फुगवटा असलेले खांब जमिनीत उतरवून त्यांच्या डोक्यावर बीम, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई, बांधणे, किंवा तेवढी माती काढून न फुगणारा मुरूम भरणे, हे प्रचलित उपाय आहेत. कोणता घ्यायचा ते मातीचा अहवाल पाहून अभियंत्याने ठरवावे. बीमच्या खाली मात्र थोडी पोकळी सोडलेली असावी लागते. ती कोणी आपुलकीने बुजवून टाकली तर फुगणारी माती थेट बीमला वर ढकलते.

झाडांचाही इथे संबंध येतो. मोठे झाड चिकणमातीतले पाणी शोषून घेते आणि तेवढा भाग आकसून खाली बसतो. ब्रिटनमध्ये १९७६ च्या अवर्षणानंतर घरे खचल्याच्या विमा-दाव्यांची रीघ लागली, आणि त्यांतल्या पुष्कळ घरांजवळ चिकणमातीत वाढलेली मोठी झाडे होती. थंड मुलखात याच प्रश्नाचे दुसरे रूप दिसते: पाण्याचे बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, म्हणून तिथे पाया जमीन गोठते त्या खोलीच्या खाली न्यावा लागतो.

आखणी, खड्डा आणि भराव

आखणीच्या दिवशी मालकाने जातीने हजर राहावे आणि टेप स्वतः हातात घ्यावी. कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे का, हे पाहायला यंत्र लागत नाही: एका दोरीवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर मोजून खुणा केल्या आणि त्या खुणांमधले तिरके अंतर बरोबर ५ मीटर आले, तर कोपरा काटकोनात आहे. पूर्ण आराखड्याचे दोन्ही कर्णही सारखे भरले पाहिजेत. उंची मिळवायला मिस्त्री पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोन कोपऱ्यांवर धरतो. नळीत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर लेव्हल चुकते, तेवढे पाहून घ्यावे. या साऱ्या घरबांधणीत पाणी आपल्या बाजूने पूर्णपणे प्रामाणिकपणे काम करते ते बहुधा एवढ्या एकाच ठिकाणी.

खड्डा तयार झाला की तळाची माती उघडी ठेवून दिवस घालवू नयेत. पाऊस पडून चिखल झाला तर पाणी उपसून वरचा मऊ थर खरवडून काढावा आणि मगच काँक्रीटचा पहिला पातळ थर, ज्याला पीसीसी म्हणतात, तो टाकावा. चुकून खड्डा जास्त खोल गेला तर निघालेली माती परत टाकून तळ सारखा करायचा नसतो. ती जागा काँक्रीटनेच भरावी, कारण एकदा निघालेली माती पूर्वीइतकी घट्ट बसत नाही.

जोत्याच्या आतला भराव हे बांधकामातले सर्वांत दुर्लक्षित काम असेल. फुटिंग आणि बीम यांचे नकाशे असतात, भरावाचा नकाशा नसतो. उरलेली माती, विटांचे तुकडे, कधी कधी लाकडाच्या फळ्यासुद्धा आत जातात, वरून फरशी बसते आणि दोन वर्षांनी खोलीच्या मध्यभागी फरशी पोकळ वाजू लागते. भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत करावा, प्रत्येक थरावर बेताने पाणी मारावे आणि धुम्मस करून किंवा यंत्राने ठोकून मगच पुढचा थर घालावा. बेताने, याचे कारण समुद्रकिनाऱ्यावर वाळूचा किल्ला केलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते: कोरडी वाळू ढासळते, लिबलिबीत वाळू वाहून जाते, आणि दमट वाळूच घट्ट बसते. राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये धरणांच्या मातीसाठी नेमके हेच मोजून दाखवले की प्रत्येक मातीला सर्वांत घट्ट बसण्यासाठी पाण्याचे एक ठरावीक प्रमाण लागते. मूठभर माती दाबून गोळा होतो, हाताला पाणी सुटत नाही आणि गोळा खाली टाकल्यावर फुटतो, तर प्रमाण जवळपास बरोबर आहे असे समजायला हरकत नाही.

काँक्रीटमध्ये घातलेले पाणी

आता स्लॅबचा दिवस. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांच्या मिश्रणात सर्वांत स्वस्त वस्तू पाणी असते, आणि तरीही काँक्रीटची ताकद बाकी कशाहीपेक्षा तिच्यावर जास्त अवलंबून असते. डफ एब्रॅम्स यांनी १९१८ मध्ये असंख्य नमुने फोडून हा नियम मांडला: सिमेंटच्या वजनाशी पाण्याचे प्रमाण जितके वाढेल तितकी ताकद घटते. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण पावपट पाणी लागते, म्हणजे ५० किलोच्या गोणीला १२-१३ लिटर. पण एवढ्या पाण्यात मिश्रण हलत नाही, म्हणून ते साच्यात बसावे यासाठी जास्त घातले जाते. हे जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि ते जिथे होते तिथे बारीक पोकळी राहते. पोकळ्या जितक्या जास्त तितके काँक्रीट ठिसूळ, आणि त्याच वाटांनी पुढे ओल आत शिरते.

घराच्या कामात गोणीला २२ ते २५ लिटर पाणी असा हिशेब साधारणपणे धरतात. एका स्लॅबच्या दिवशी मी मिक्सरपाशी खुर्ची टाकून नुसत्या बादल्या मोजत बसलो होतो. बादली १२ लिटरची होती आणि सकाळी गोणीला बरोबर दोन बादल्या पडत होत्या. दुपारी ऊन चढल्यावर तिसरी बादलीही अर्ध्याहून जास्त रिकामी होऊ लागली, म्हणजे गोणीला ३१ लिटरच्या आसपास पाणी गेले. डोळ्यांना फरक असा काही दिसत नव्हता. उलट काँक्रीट छान, गुळगुळीत वाहत होते आणि फावडे मारणारे खूश होते. पण प्रमाण अर्ध्यावरून सहा दशांशाच्या पुढे गेले होते, आणि एवढ्याने ताकदीचा ढोबळमानाने पाचवा ते चौथा हिस्सा जातो. मी मोजत नसतो तर कोणाला कळलेही नसते, आणि ज्याने पाणी घातले त्याला आपण काही वावगे केले असे मुळीच वाटत नव्हते.

तिथे मिस्त्री म्हणाला ते खोटे नव्हते: कोरडे काँक्रीट सळयांच्या मध्ये बसत नाही आणि मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या राहतात. मात्र त्यावर पाणी वाढवणे हा उपाय नव्हे. काँक्रीट हलवून खाली बसवणारे व्हायब्रेटर यंत्र वापरावे, खडी सळयांमधून जाईल अशा मापाची घ्यावी, आणि तरीही मिश्रण खेळते हवे असेल तर त्यासाठीचे रसायन अभियंत्याने सांगितलेल्या मात्रेत घालावे, ज्यामुळे पाणी न वाढवता काँक्रीट वाहते. वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही मोजावे लागते. ८० किलो वाळूत ५ टक्के ओल म्हणजे चार लिटर पाणी आधीच आत आहे. साइटवर तपासायला ३० सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू मिळतो. त्यात काँक्रीट ठरल्याप्रमाणे थराथराने भरून शंकू उचलायचा आणि ढीग किती खाली बसतो ते मोजायचे. सकाळच्या आणि दुपारच्या घाण्यांत हा आकडा फार बदलला तर बादल्या वाढल्या असे खुशाल समजावे.

मग सिमेंटच जास्त घातले तर? हा प्रश्न बहुतेक मालक विचारतात. गरजेपेक्षा जास्त सिमेंटने काँक्रीट घट्ट होताना जास्त तापते आणि जास्त आकसते, म्हणजे भेगांची शक्यता वाढते, आणि पाण्याचे प्रमाण सैल राहिले तर पैशांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

ओतल्यानंतरचे पाणी

काँक्रीट वाळून घट्ट होते असा समज असतो. प्रत्यक्षात ते वाळत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, आणि म्हणूनच पुलांचे खांब पाण्याखालीही ओतता येतात. काँक्रीट लवकर वाळले तर ही क्रिया अर्ध्यात थांबते. क्युरिंग म्हणजे काँक्रीट सतत ओले ठेवणे ते याचसाठी. ओतताना जास्तीचे पाणी वाईट, कारण ते पोकळ्या ठेवून जाते. पृष्ठभाग घट्ट झाल्यानंतर बाहेरून दिलेले पाणी चांगले, कारण ते आतल्या पाण्याला उडू देत नाही. उलटसुलट वाटणाऱ्या सल्ल्यांचा मेळ इथे बसतो.

साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, राख किंवा भट्टीची मळी मिसळलेल्या सिमेंटला निदान १० दिवस, आणि कडक उन्हात त्याहूनही जास्त दिवस ओल टिकवावी. स्लॅबवर मसाल्याची छोटी छोटी आळी करून त्यांत पाणी तुंबवणे सर्वांत खात्रीचे. कॉलमचे मात्र हाल होतात, कारण उभ्या पृष्ठभागावर पाणी टिकत नाही. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडल्यावर तासाभरात तो कोरडा पडतो. त्याला गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवावे. दुसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी न सांगता साइटवर जाऊन कॉलमच्या गोणपाटाला हात लावून पाहावा. मालकाला करता येण्यासारखी याहून उपयोगी तपासणी नाही. सात दिवसांनंतर काँक्रीटला २८ दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते, म्हणून सेंटरिंग, म्हणजे खालून आधार देणाऱ्या फळ्या आणि टेकू, उतरवण्याचीही घाई करू नये. लहान गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमध्ये कमी अंतर असलेल्या, स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि मोठ्याचे १४ दिवसांनी, हा नियम साध्या सिमेंटचा आणि बऱ्या हवामानाचा आहे. थंडीत त्यात दिवस वाढवावे लागतात.

सळई किती, यापेक्षा कुठे

काँक्रीट दाब उत्तम सोसते आणि ताण आला की फाटते; ताण सोसायला सळई घातलेली असते. त्यामुळे सळई ताणाच्या बाजूलाच हवी. दोन्हीकडे टेकलेल्या बीममध्ये ती मुख्यतः खाली असते, पण बाल्कनी किंवा छज्जा एकाच बाजूने धरलेला असल्याने तिथे मुख्य सळई वर असावी लागते. टेबलाच्या कडेबाहेर पट्टी धरून टोकाला दाबले की तिचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो, ते हेच. काँक्रीट ओतताना पाट्या घेऊन जाणारे लोक याच वरच्या सळयांवर पाय देऊन जातात, सळया दबून तळाला जातात आणि कागदावर बिनचूक असलेला छज्जा प्रत्यक्षात सळईशिवाय ओतल्यासारखा होतो. खाली या सळया उचलून धरणाऱ्या लोखंडी खुर्च्या ठेवल्या आहेत का आणि चालायला वेगळ्या फळ्या टाकल्या आहेत का, हे ओतण्यापूर्वी पाहावे.

सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांच्यामधल्या अंतराला कव्हर म्हणतात: स्लॅबला साधारण २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४० आणि फुटिंगला ५०. इथेही शत्रू पाणीच. ताज्या काँक्रीटमधले अल्कलीपण सळईला गंजू देत नाही, पण कव्हर कमी असले की हवा आणि ओल लवकर आत पोहोचतात. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जास्त जागा लागते, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. जुन्या छज्ज्यांचे पापुद्रे पडून सळया उघड्या दिसतात ते यामुळे. ठरल्या जाडीचे कव्हर ब्लॉक वापरावेत, खडीचे तुकडे किंवा विटेची कपरी नव्हे.

‘त्यापेक्षा दुप्पट सळई टाकू, निर्धास्त राहू’ हा विचार दिसायला चांगला आहे. पण गर्दी झालेल्या सळयांमध्ये काँक्रीट शिरत नाही. शिवाय बीममध्ये प्रमाणाबाहेर सळई असेल तर तो वाकून, भेगा दाखवून इशारा देत नाही. वरचे काँक्रीट एकदम चिरडून तो अचानक जातो. सगळे झाकण्यापूर्वी प्रत्येक बीमचे आणि नळ-विजेच्या पाइपांचे टेप लावून फोटो काढून ठेवावेत. दहा वर्षांनी भिंतीत खिळा ठोकताना त्यांचा उपयोग होतो.

भिंतीत चढणारे पाणी

वीट आणि मसाला यांतल्या बारीक नळ्यांमधून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे वर चढते. ते अडवण्यासाठी जोत्याच्या पातळीवर सगळ्या भिंतींखालून ओलरोधक थर अखंड जावा लागतो. पुढे कोणी बाहेरच्या अंगणात त्या थराच्या वर माती किंवा फरशी चढवली, की पाणी थराला वळसा घालून भिंतीत येते आणि दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो. घराभोवती हात-दीड हात रुंदीचा पक्का पट्टा बाहेरच्या उताराने करावा आणि छपराचे पाइप पायाशी न सोडता दूर न्यावेत. एवढे केले नाही तर पायाखालची जमीन दर पावसात एकाच कोपऱ्यात भिजत राहते, आणि मातीची चाचणी, फुटिंगचे गणित सगळे तिथे उलटते.

भेग दिसली तर

नव्या गिलाव्यावर केसासारख्या जाळीदार भेगा आल्या तर घाबरू नये. त्या बहुधा गिलावा आकसल्याच्या असतात. कॉलम आणि भिंत जिथे भिडतात तिथली उभी भेग बहुतेक दोन वेगळ्या वस्तूंच्या वेगळ्या आकुंचनाची असते. खिडकीच्या कोपऱ्यातून जिन्याच्या पायऱ्यांसारखी विटांच्या सांध्यांतून तिरकी जाणारी, एका टोकाला रुंद होत जाणारी आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी भेग मात्र पायाकडे बोट दाखवते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारावी, शेजारी तारीख लिहावी, आणि मधल्या रुंदीचेही माप टिपून ठेवावे. दर महिन्याला, आणि मोठा पाऊस पडून गेल्यावर वेगळे, पुन्हा मोजावे. माप पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मागेपुढे होत असेल तर माती फुगते-आकसते आहे. ते एकाच दिशेने वाढत असेल, किंवा रुंदी पाच मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, तर लांबी (पुट्टी) भरून रंग देण्याआधी संरचना अभियंत्याला ती वही दाखवावी. आणि तो येईपर्यंत त्या कोपऱ्याजवळ छपराचे पाणी कुठे पडते, हे एकदा पावसात छत्री घेऊन उभे राहून पाहावे.